हाफ क्लच

एक लाख साठ हजारांत घेतली.
पेंडुरकरांनी नेरूळला चावी देताना
तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, म्हणाले,
फक्त भाजीला आणि देवळात नेली हो.
चौदा वर्षांत ओरखडा नाही.

दादांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही.
तुर्भ्याच्या मार्केटात तीस वर्षं
पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस
एवढंच म्हणाला, खालून हात घालून बघ.
वरचे कांदे नेहमीच चांगले असतात.

मी वरचे कांदे बघितले.
चंदेरी रंग. मागच्या सीटवर अजून प्लास्टिक.
एसीची पहिली थंड फुंकर.

तिसऱ्या दिवशी बॅटरी गेली, तीन हजार नऊशे.
अकराव्या दिवशी रबाळ्याच्या सिग्नलला
गिअरच पडेना.
मागे टँकर, आणि टँकरच्या मागे
ठाणे-बेलापूर रोडची अख्खी दुपार
हॉर्नवर हात ठेवून.
दोन पोरांनी ढकलली, पैसे घेतले नाहीत.
तिसऱ्याने व्हिडिओ काढला.

हिराजी मढवीचं गॅरेज घणसोली गावात,
जिथे त्याच्या आजोबांचं भात उभं असायचं
तिथे आता खड्डा आहे, खड्ड्यात हिराजी,
वर माझी गाडी.
तो गाडीला गारी म्हणतो.
गारी जुनी हाय ताय, पन इमानी हाय.
मग इमानाचा खर्च त्याने
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिला:
क्लच, पुढचे बुश, रेडिएटरचा पाइप,
आणि खाली नुसतंच 'इतर'.
इतर सगळ्यात महाग पडलं.

दाताची कॅप पुढच्या महिन्यावर गेली.
आईचं वॉशिंग मशीन दिवाळीवर,
तिने 'कोणत्या' हे विचारलं नाही.
हप्ता पाच हजार तीनशे;
गाडी उभी असली तरी तो धावतो.
आणि पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतील,
पासिंग आहेच.

तीन दिवस मी मनात वाक्यं घासत होते.
काका, तुमच्या वयाच्या माणसाने.
काका, कुंकू लावून.
फोन लावणार तेवढ्यात हिराजी वर आला,
हातात क्लच प्लेट,
करपलेल्या भाकरीसारखी.
जो चालवत व्हता ना, म्हणाला,
त्याचा पाय क्लचवरून कधी उतरलाच नाय.
लय हलू चालवायचा.
काचेचा माल नेल्यागत.

पाणी मुरत होतं म्हणून कार्पेट काढलं होतं.
त्याखाली पार्किंगच्या पावत्या, चिकटलेल्या, फिक्या,
एकाच हॉस्पिटलच्या.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
सकाळी सहा दहा, सहा आठ, सहा बारा.
गेट दोन, डायलिसिस.
एकशे बारापर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं.
शेवटची गेल्या मार्चमधली.
आणि आवळा सुपारीची डबी, तळाशी थोडी उरलेली.

घरी दादांनी गठ्ठा तळहातावर घेतला,
सवयीने तोलला.
काही बोलले नाहीत, चहा मागितला.
मग बऱ्याच वेळाने,
किती झाले रे हिराजीचे?
मला ते कधी कधी 'रे' म्हणतात.
एकवीस हजार साडेतीनशे.
निम्मे दिले.
उरलेले त्याने खडूने भिंतीवर लिहिले,
माझं नाव नाही, गाडीचा नंबर.

आता ऐरोलीच्या पुलावर चढ लागला की
माझाही पाय आपोआप क्लचवर टेकतो.
शेजारची सीट रिकामी असते.
पाय उचल ताय, हिराजीचं ऐकू येतं,
नवीन प्लेट हाय.
उचलते.
गाडी एक हिसका देते आणि चढते.

पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत,
विम्याच्या कागदांबरोबर.
फेकायच्या राहिल्यात, एवढंच.

मागे डावीकडून अजून काहीतरी वाजतं,
फक्त वळणावर.
हिराजी म्हणतो, वाजू दे.
पगार झाला का ये.