जुजबंदी

शहाद्याच्या तालुका वाचनालयातून
गोणपाटात बांधून आलं ते पुस्तक.
कणा गेलेला, शिवण सडलेली,
वाळवीनं पुठ्ठ्याची चाळण केलेली.
सुपडू सर म्हणाले, सव्वीस तारखेला टेबलावर ठेवायचंय,
तेवढ्यापुरतं उभं राहील असं कर.

मी तेवढ्यापुरतं काही बांधत नाही.
सासऱ्यांनी शिकवलं होतं: आधी सगळं मोकळं कर,
मग बघ कोण कोणाला धरून होतं.

खळ शिजत ठेवली, चिमूटभर मोरचूद टाकलं.
रुमाल्या पावरा, धडगावकडचा,
दुकानात येऊन तिसरा महिना,
फरशीवर पानं मांडत गेला.
उद्देशिका उंबऱ्याशी: एकच पान, एकच वाक्य,
मध्ये दम घ्यायला जागा नाही.
मग भाग. पहिल्यात जमीन कुठवर,
दुसऱ्यात माणसं कोण.
तिसरा बोटांनी काळा पडलेला,
चौदा ते एकवीसचे कोपरे
केळीच्या वाळल्या पानासारखे चिरत गेलेले.
बाराव्यातली पैशाअडक्याची पानं मात्र
छापली तशीच चिकटून होती. सुरीनं सोडवली.

मध्येच चार-क. मध्येच नऊ-क, नऊ-ख.
रुमाल्या हसला. "आमच्या वसाहतीत घरांचे नंबर असेच.
पोरगा वेगळा राहिला, की नऊच्या शेजारी नऊ-अ."

सहाव्यानंतर आठवा आला.

"ताई, सातवा कोठे गया?"

शिकंजाखाली पाहिलं, डब्याखाली पाहिलं,
गोणपाट दारात नेऊन झटकलं,
फक्त वाळवीची माती.
"आठे नही शे," मी म्हणाले,
आणि सरांना फोन लावला.

सर म्हणाले, हरवला नाही, रद्द झालाय.
छप्पन साली. एकाच अनुच्छेदाचा होता बिचारा.
"मग आठव्याला सातवा का नाही केलं?"
सर थोडे थांबले. बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.
"आठव्याचा पत्ता कोणीतरी आधीच लिहून घेतला असेल ना."

अनुक्रमणिकेत होताच तो: सातवा भाग,
आणि पुढे एक शब्द, निरसित.
रुमाल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसला.
त्याचं गाव नर्मदेच्या पाण्याखाली आहे.
तलाठ्याच्या यादीत नाव आहे, नावापुढे रेघ.
त्यानं हे सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.
खळ करपली त्या दिवशी. दुसरी केली.

अनुसूच्या शेवटी लावल्या.
पाचवी त्यानं दिव्याखाली नेऊन वाचली,
धडगाव शोधत. गावांची नावं त्यात नसतात,
ती वेगळ्या आदेशात असतात म्हणे.
आठवीत बावीस भाषा.
अहिराणी नाही. पावरीही नाही.
मी अहिराणीत सुई मागितली,
तो पावरीत काही पुटपुटला,
सुई आली.

विसावा भाग सगळ्यात बारीक:
हे पुस्तक बदलायचं असेल तर कसं.
त्याच्या अंगाला मी कोऱ्या पट्ट्या शिवल्या,
दोन बोटं रुंद. पुढे कोणाला काही चिकटवायचं झालं
तर कण्यावर ताण यायला नको.
आणि बाविसाव्यात, तीनशे त्र्याण्णवाला,
ते आपलं नाव सांगतं.
एवढं सगळं बोलून झाल्यावर, निघताना,
पायात चपला घालता घालता पाहुण्यानं सांगावं तसं.

शेवटचा दोरा ओढायच्या आधी रुमाल्या म्हणाला,
"सहाव्या-आठव्याच्या मधी एक पट्टी?"
तिथं आता काही यायचं नाही, मी म्हटलं.
"ठाऊक शे."

सर पंचवीसला आले. हातात तोलून म्हणाले,
जरा जाड झालंय.
मी बिल लिहिलं: जुजबंदी, पुठ्ठा, कापड,
कोऱ्या पट्ट्या, विसाव्या भागाजवळच्या.
मधली एक
बिलात धरली नाही.