पायरीची उंची

अर्जाची शेवटची तारीख एकतीस.
आज अठ्ठावीस, आणि मी कोपरखैरण्यात
कुणाच्या तरी घराचं माप घेतेय.
टेपचं दुसरं टोक घरमालकाच्या नातवाकडे.
तो ते मधेच सोडतो
आणि पात सळसळत येऊन
माझ्या अंगठ्यावर आपटते.

खाली सिडकोनं दिलेली मूळ खोली.
वर ज्याला जसं जमलं तसं:
एक मजला मुलीच्या लग्नाआधी, एक भाडेकरूसाठी,
गच्चीवर पत्रा.
"तेवढा नकाशात दाखवू नका, मॅडम."
मी दाखवत नाही.
पाच वर्षांच्या नोकरीत काय शिकलीस विचाराल
तर हेच. काय दाखवायचं नाही.

गद्रे सर म्हणाले, "मास्टर्स? कर की.
पण महापालिकेतला माणूस तुझी डिग्री नाही,
फाईलची जाडी बघतो."
शलाका करून आलीय.
माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसते, पगार चार हजारांनी जास्त.
पैसे वसूल झाले का गं, मी विचारलं.
प्लॉटरमध्ये अडकलेला कागद ओढत ती म्हणाली,
"दोन वर्षं मला कुणीतरी 'का?' विचारत होतं.
इथं सगळे 'कधी?' विचारतात."
कागद फाटला.
"हप्ता सात तारखेला जातो," ती म्हणाली.

फी सहा लाख ऐंशी हजार.
एवढ्यात आमच्या घरचा जिना
अकरा वेळा पाडून बांधता येईल.
हिशोब केलाय मी. जागा मात्र तेवढीच राहील.

तो जिना बाबांनी आणि लिंबाजी मिस्त्रीनं
एका रविवारात उभा केला.
सोमवारी पहाटे बाबा परत तुर्भ्याला, कांद्याच्या गाळ्यावर.
कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला कळलं
पायरी सहा इंचांची असावी, फार तर सात.
घरी येऊन पट्टी लावली. साडेनऊ.
चुकलाय जिना, मी ओरडले,
जेवता जेवता सगळ्यांसमोर.
बाबांनी घास संपवला.
"पुस्तकातल्या माणसाकडे जागा किती असते?"

ह्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.
कॉलेजनंही नाही.

अर्जात पाचशे शब्द मागितलेत,
तुम्हाला नक्की काय अभ्यासायचं आहे.
'शाश्वत' लिहिलं, खोडलं.
'समुदाय' लिहिलं, तेही खोडलं;
पामबीच रोडवरच्या टॉवरच्या माहितीपत्रकात
गेल्याच महिन्यात हे दोन्ही शब्द मीच घातले होते,
लॉबीतल्या धबधब्याच्या फोटोखाली.

आई सातव्या पायरीवर थांबते.
डावा हात भिंतीला. एक श्वास.
तिथं रंगावर तळव्याएवढा काळपट डाग आहे,
दर दिवाळीला पुसला जाणारा, होळीपर्यंत परत आलेला.
त्या डागासाठी नकाशात खूण नाही.
माझ्या वहीच्या मागच्या पानांवर आहे.
अडतीस घरं, अडतीस जिने,
पायरीची उंची, आणि हात कुठे टेकतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
साईटवर वेळ उरला की मोजत गेले,
सरांना ह्यातलं काही ठाऊक नाही.

आता ह्याला अभ्यास म्हणायचं असेल
तर तो कोपरखैरण्यात फुकटात चाललाय.
आणि म्हणायचं नसेल
तर तसं मला सांगणारं माणूस
सहा लाख ऐंशीच्या पलीकडे बसलंय.
किंवा तिथंही कुणी नाही.
अर्जाचे अडीच हजार, परत न मिळणारे.

घरातली म्हातारी तांदूळ निवडता निवडता
मघापासून माझ्याकडे बघतेय.
"आजी, चढताना तुम्ही कुठं थांबता?"
तिला वाटतं, मी तिच्या वयाबद्दल बोलतेय.
"मी नाही थांबत," ती म्हणते. आणि मग, जरा वेळानं,
"पाचवीला. तिथं खिडकी आहे ना.
गल्लीत कोण आलं गेलं ते दिसतं."

दमून नाही. बघायला.
अडतीस घरं मी एकालाही विचारलं नव्हतं
का.

वही उलटी करून मी लिहिते: पाच, खिडकी.
मग पोराला म्हणते, ये, टेप धर.
वरपासून पुन्हा घेऊ.
आणि ह्या वेळी
मी सांगेपर्यंत सोडू नकोस.