अंगठ्याची टेकडी

बोहरी आळीत काचवाल्यानं विचारलं,
“टीपॉयसाठी का?”
म्हटलं, नाही, गुरूसाठी.
“मग कडा घासून देतो,” तो म्हणाला,
“भेट द्यायची म्हणजे नीट दिसायला हवी.”
मी काही बोललो नाही.
सहा इंची दोन गोल काचा, पाऊण इंच जाड,
पेपरात गुंडाळून, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून
धायरीपर्यंत आणल्या.
त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा
मला अजून तोंडपाठ आहे.

पार्किंगमध्ये वाळूनं भरलेलं पिंप.
त्यावर एक काच, काचेवर ऐंशी नंबरची पूड,
चमचाभर पाणी, वर दुसरी काच.
सहा वेळा पुढं-मागं, वरची थोडी फिरवायची,
मग एक पाऊल पिंपाभोवती.
पाळंदेकाकू गॅलरीतून:
“किती प्रदक्षिणांचा नवस हो?”
मोजल्या नाहीत, काकू.
मोजायचं काम तेवीस वर्षं केलंय,
पिंपरीच्या टूलरूममध्ये, मायक्रॉनमध्ये.
इथं नुसतं चालायचं.

आणि गंमत बघा.
दोन सपाट काचा एकमेकींवर घासत राहिलं
की वरची पोटात जाते, खालचीला पोट येतं.
कुणी कोरत नाही, कुणी साचा देत नाही.
रात्रपाळीचा वॉचमन गुणवंत
पट्टी आडवी धरून फटीतून बघायचा,
“उलीसं खोल गेलंय साहेब,” म्हणायचा,
आणि मी घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचो.

चारशे नंबरला असताना चर्र झालं.
ऐंशीचा एकच कण. शर्टाच्या बाहीत बसला असणार
दोन महिने, माझी वाट बघत.
ओरखडा नखाला लागत होता.
परत मागं. परत दोनशेवीस.
हेमलता म्हणाली, “मोरीत राखाडी चिखल साचलाय,
प्लंबरचे पैसे तुम्ही द्यायचे.”
एवढंच म्हणाली. तिला त्या काचेविषयी
तोवर एवढंच म्हणायचं होतं.

मग डांबर. मग तांबूस पॉलिश, नखांत, कपात, उशीच्या अभ्र्यावर.
मग परीक्षा:
काच पॅसेजच्या एका टोकाला उभी,
आठ फुटांवर बारीक दिवा, दिव्याशेजारी दाढीचं पातं.
पात्यानं प्रकाश कापत न्यायचा
आणि डोळा लावून बघायचं:
काचेवर सावल्या पडतात,
केसाच्या हजाराव्या भागाइतका उंचवटाही
डोंगरासारखा दिसतो.
माझ्या कडा खाली गेल्या होत्या. दिसलं. गिळलं.

हेमलता पोळ्या अर्ध्यावर टाकून आली.
“काय एवढं बघताय?”
म्हटलं, अंगठा ठेव काचेवर. मध्यावर. दहा आकडे मोज.
तव्यावरून आलेला अंगठा.
तिनं मोजले, काढला, माझ्या जागी येऊन वाकली.
काचेच्या मधोमध टेकडी उगवली होती.
“अगंबाई,” ती म्हणाली, “ही तर तळजाई.”
काच फुगली होती तिच्या ऊबेनं.
कशानं मोजणार होतो मी ते टूलरूममध्ये?
टेकडी हळूहळू बसत गेली.
गॅसवर पोळी करपली. कुणी हललं नाही.
“माझ्या हातानं झालं हे?”
एकतीस वर्षांत मी तिचा हात कितीदा धरला,
तो काय करतो, ते पात्याआडून
आज बघितलं.
“आता तुमचा ठेवा,” ती म्हणाली.

पुढचं फार नाही.
मुलामा देऊन आणला. पीव्हीसी पाइप, प्लायचं खोकं,
मधल्या आरशाला घड्याळजीकडून घेतलेला स्क्रू.
गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आणि डिश अँटेनांच्या मधोमध,
धुरकट आभाळात, गुरू:
मोहरीएवढा गोळा, एका ओळीत चार ठिपके,
कडेला माझ्या चुकांची थोडी धूसर झालर.
गुणवंत म्हणाला, “ह्यो पळतोय साहेब.”
तो नाही रे, आपण.
अर्ध्या मिनिटात सुटतो नजरेतून,
मग नळीला बोटानं हलकंच ढकलायचं.

हेमलता ढकलते. मला जमत नाही,
माझा हात टूलरूमचा, घट्ट धरतो.
काचवाल्याला एकदा बोलवायचंय वर.
भेट पोचली म्हणून.