कल्हई

तांबट आळीच्या देखाव्यात, ब्याऐंशी साली,
पहिला परग्रहवासी उतरला तो हिरवा होता.
दोन पराती तोंडाला तोंड लावून केलेली तबकडी,
सायकलच्या तारांची शिंगं, टोकाला पिंगपाँगचे चेंडू,
आणि आत आमचा दिगूकाका,
घामानं रंग ओघळत, कर्ण्यातून बोलणारा:
"पृथ्वीवासी बंधू-भगिनींनो, पाणी जपून वापरा!"
लोक हसले. ओझरच्या बाजूनं खरंच एक दिवा गेला.
मिग असणार.

मग घरोघरी केबल आली
आणि त्याचा हिरवा उडाला.
सत्त्याण्णवच्या देखाव्यात तो राखी,
नवसागर मारून कल्हई केल्यासारखा.
शिंगं गेली. कान गेले. नाक
दोन टिंबांवर भागलं.
डोळे तेवढे वाढत गेले,
काळे, पापणी नसलेले.
तोंडाची नुसती चीर;
कर्णा कुणी मागितलाच नाही.

आता तो रिक्षाच्या मागे आहे,
शालिमारला मोबाइलच्या कव्हरवर,
गार्गीच्या मोज्यांवर तर दहा-बारा.

काल दिगूकाका मोतीबिंदू काढून आला.
टक्कल, गालफडं बसलेली,
डोळ्यांवर दवाखान्याचा तो मोठा काळा चष्मा.
गार्गी ओरडली, "एलियन!"
आम्ही तिला दटावणार,
तर त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला,
मोजा चष्म्याजवळ नेला.
"हा बोलतो कसा गं?"
"बोलत नाही. बघतो फक्त."

काका बराच वेळ अंगठ्यानं
ती चीर चाचपत राहिला,
भांडं कुठं गळतंय ते बघावं तसा.