एका बाजूचा मोर

कंडक्टरकी सुटून अकरा वर्षं झाली तरी
ढमढेरेकाकांनी तो आणला तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीतून,
स्वारगेट–कात्रजच्या उरलेल्या तिकिटांत गुंडाळून:
कानातला एक मोर. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा,
चोचीवरचा उडालेला.
"जोडी करून द्या," म्हणाले. "दुसरा हरवला."
कुठे, कधी, मी विचारलं नाही.
रविवार पेठेत जिन्याखालच्या आमच्या खोलीत
सगळे हरवलेलंच आणतात,
म्हणजे त्याचं उरलेलं.

काळं रबर मी चांदीला लावत नाही.
त्यातल्या गंधकाने ती एका रात्रीत काळवंडते.
चांदीला सिलिकॉन. दहाला एक,
आणि ते काट्यावर तोलून.
अंदाजाने भाजी करावी, असं नितईदा म्हणायचा,
हुगळीचा, ज्याने मला ब्लेड धरायला शिकवलं
आणि ज्याची भाजी खारट असायची.

डिसेंबरात हाताशी चाळीस मिनिटं असतात, मेमध्ये वीस.
हा मे. त्यातून गुरुवार,
लाइट कधीही जाईल म्हणून मी घाईत ढवळलं
आणि घाईत ढवळणं म्हणजे हवा कालवणं.
पंप लावला. काचेच्या भांड्यात
पांढरा लगदा दुधासारखा वर आला,
काठाला टेकला, थरथरला,
आणि उतू न जाता खाली बसला.
दर वेळी असंच होतं.
दर वेळी माझा हात झाकणाकडे जातो.

मग चौकटीच्या एका कोपऱ्यातून, वीतभर उंचावरून
दोऱ्याएवढी धार.
पायाशी, पोटाशी, पिसाऱ्याच्या खाचांत.
सगळ्यात शेवटी डोळा बुडाला.

सकाळी ब्लेड.
काप सरळ न्यायचा नाही, नागमोडी न्यायचा,
मग दोन अर्धी परत भेटताना चुकत नाहीत.
मोर निघाला. जागा राहिली.
जागेत सगळं होतं: झिजलेली चोच,
फिरकीपाशी कुणीतरी दिलेला जाड डाग,
पिसाऱ्याच्या एका टोकाला बारीकसा मुरडा,
केसांत अडकून ओढला गेल्यावर पडतो तसा.
काय ठेवायचं, काय गाळायचं
हे रबर ठरवत नाही.

मेण, प्लास्टर, भट्टी, चांदी.
बुधवारी काका आले.
मी दोन्ही मोर मखमलीवर शेजारी ठेवले
आणि तेव्हा मला दिसलं,
बावीस वर्षं साचे कापणाऱ्या मला, तेव्हा:
दोघेही डावीकडेच बघत होते.

साचा आरसा नसतो.
डाव्याचा डावाच देतो, हजारदा मागा.
शिवाय नवा केसभर लहान;
मेण आटतं, चांदीही आटते,
गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही.

मी सांगितलं. म्हटलं, पुन्हा मेण ओतते,
मेणातच मान कापून उजवीकडे वळवते,
तापल्या सुईने सांधते. पैसे नकोत.
काका बराच वेळ बघत बसले.
"मान नका कापू," म्हणाले.
"गाडीत सगळे एकीकडेच तोंड करून बसतात.
ती बसायचीच की."

पैसे मोजले, सुट्टे वेगळे, नोटा वेगळ्या.
जिन्याशी थांबले.
"आणि ते रबर कुणाचं?"
नमुना गिऱ्हाइकाचा, साचा दुकानाचा,
मी धंद्याचा नियम सांगितला.
त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.
"चांदी माझी. मजुरी तुमची, ती दिली.
आत जो नाहीये, तो कुणाचा?"

आज परत गुरुवार. लाइट नाही.
फळीवरून साचा काढला, उघडला, पावडर फुंकली,
करंगळीही मावत नाही आत.
मिटला. वर बॉलपेनने लिहिलं आहे:
ढमढेरे. मोर. डावा.
डाव्याखाली दोन रेघा.