चेहरा तुम्ही सांगाल तसा

आग्रा रोडवरच्या दुकानात मी डोळे काढते.
बाकी सगळं मकराण्याहून घडून येतं
पेंढ्यात गुंडाळलेलं, फळ्यांच्या खोक्यात.
ड्रायव्हर ओरडतो, हळू रे, आत तीन अंबा आहेत.

मे महिन्यात धुळ्याचं डांबर चपलेला धरतं
तेव्हा दुपारी मी मोठ्या विष्णूच्या पाठीला
गाल लावून बसते.
घेवरचंदशेठ बघतात, आणि वही उघडतात.

गिऱ्हाईक देव्हाऱ्याचं माप घेऊन येतं.
नऊ इंच. मुकुटासकट बसला पाहिजे.
कुणी सोंड बघतं, डावी की उजवी.
कुणी मोबाईलची बॅटरी मागून लावतं,
उजेड आरपार आला की म्हणतं, असली आहे.
कुणी नखाने वाजवतं, माठ घेतात तसं.
मी मान वर करत नाही.
बुबुळ भरताना श्वास धरावा लागतो,
ब्रशचा एक केस इकडचा तिकडे झाला
तर लक्ष्मी जन्मभर
शेजाऱ्याच्या घरात बघत राहते.

भटू बोरसे पौषात आला, सुरतेहून.
साड्यांचं बरं चाललंय, सोनगीरला बंगला बांधलाय,
देवघराला वेगळी खोली.
म्हणाला, कानबाई पाहिजे. दोन फुटी. पांढरीशुभ्र.
शेठचं पेन थांबलं.
फोटो?
भटूने मोबाईल पुढे केला:
पाटावर नारळ. नारळाला नथ.
हिरवं लुगडं, गळ्यात सगळ्या भावकीचं सोनं,
आणि चेहरा म्हणावा तर
कुंकवाची दोन बोटं.

शेठनी मकराण्याला फोन लावला.
तिकडून ओमजी म्हणाला, नारळ कोरून देतो,
पण बाईंचं तोंड कसं आहे ते सांगा.
शेठनी भटूकडे बघितलं, भटूने माझ्याकडे.
मी काय सांगू?
मला आमच्या घरची आठवते ती समईमागची चमक
आणि रोटाच्या पिठाचा वास.
नाक सरळ की बसकं, कधी बघितलंच नाही.

चैत्रात खोकं उघडलं.
निऱ्या, पैंजण, पदराची किनार, सगळं दगडात,
बांगड्यासुद्धा मोजून घ्याव्यात अशा.
मानेच्या वर मात्र
सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत.
चिठ्ठी होती: चेहरा तुम्ही सांगाल तसा.

भटू आईला घेऊन आला.
देवकोरबाईंनी दुकानाच्या पायरीवरच चपला काढल्या.
मूर्तीभोवती एक चक्कर मारली,
दगडाचा पदर दोन बोटांत धरून बघितला.
"थंडी शे," म्हणाल्या.
मग स्टुलावर बसून पाणी प्याल्या, सगळा तांब्या.
"दरसाल येस, दरसाल जास ती.
घरमाज बसनी ते लेवाले कोनले जावानं?"
भटू म्हणाला, माय, कायमची राहील ना, चांगलंच की.
म्हातारी त्याच्याकडे न बघता म्हणाली,
"तिनाकरता तरी तू येस.
वरीसमा एकदाव."

पंखा तेवढा फिरत होता.
शेठनी आगाऊ घेतलेले पैसे काढायला ड्रॉवर ओढला,
भटूने हातानेच नको म्हटलं.

श्रावणातल्या सोमवारी दुकानावरून
पांझरेकडे कानबाया गेल्या, डोक्यावर पाट, पुढे ढोल.
मी ब्रश पाण्यात ठेवून दारात उभी राहिले.
सोनगीरला म्हणे बोरश्यांचं सगळं घर जमलं होतं,
तीन दिवस रोट पुरला.

ती अजून कोपऱ्यात आहे, राधाकृष्णांच्या मागे.
हातात कमळ बसवू, लक्ष्मी म्हणून जाईल,
असं शेठ दोनदा म्हणाले.
तिसऱ्यांदा नाही म्हणाले.
ही कोण, असं कुणी विचारलं
तर सांगतात, ऑर्डरची आहे.

शटर ओढायच्या आधी मी सगळ्यांची धूळ काढते.
बाकीच्यांच्या डोळ्यांवरून फडकं हलकं न्यावं लागतं,
रंग निघतो.
हिच्या तोंडावरून दाबून फिरवलं तरी चालतं.