दरीच्या काठावरचा बुटका

पहिला फासा सर्फराजने घरी ओतला,
होडीच्या डागडुजीतून उरलेल्या रेझिनचा.
वीस बाजू, कडा पॉलिशपेपरने घासलेल्या,
आकड्यांत बहिणीचं नेलपॉलिश,
आणि आत कुठेतरी
मोहरीएवढा हवेचा बुडबुडा.

हर्णैच्या बर्फ कारखान्यात
खारट पाण्याला तोटा नाही.
टाकीतलं तांब्याभर घेतलं, मूठभर मीठ आणखी,
फासा सोडला, टिचकी मारली.
वर सतरा.
पुन्हा टिचकी. लोळला, डुलला,
आणि सतरा.
"याला आवडनिवड आहे," मी म्हटलं.
दुसरा ओतायला आठवडा गेला.
तो मात्र कुणाचाच नव्हता:
चाळीस टिचक्या, आणि लाद्यांच्या हिशेबाच्या वहीत
नुसता विस्कटलेला बाजार.

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या,
झापांखाली. काँप्रेसर बंद,
म्हणून आमचे आवाज मोठे.
हेरंब पावसेचा कुऱ्हाडवाला बुटका
दरीपाशी आला. उडी मारायला पंधरा हवेत, किंवा वर.
दोर कमरेला, म्हणून पडला तरी मरत नव्हता,
लोंबकळत होता, वर चढत होता, पुन्हा टाकत होता.
सात वेळा.
"आता येनारच," हेरंब म्हणाला,
"सात वेला खाल्लंय त्यानं माझं. देनं लागतो."
मी वही पुढे केली: वीसात सहा.
पहिल्यांदा वीसात सहा, आठव्यांदाही वीसात सहा.
फाशाला उधारीची वही नसते, हेरंब.
त्याने टाकला. चार.

निलांबरी चोगलेची चेटकीण दुसऱ्या वाटेने गेली,
तीन दारं, तीन राखणदार,
प्रत्येकाला चकवायची शक्यता चारात तीन.
"म्हणजे गेलेच की!"
मी गुणाकार मांडला, तीनदा,
चौसष्टात सत्तावीस. अर्ध्याच्याही आत.
एकेक दार सोपं आहे बाई,
तिन्ही मिळून नाही.
तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि टाकलाच.
तिन्ही दारं उघडली.
"तुझं गणित बुडालं!"
नाही गं. त्या सत्तावीस वाटांपैकी एकीवरून
तू आत्ता चालत गेलीस, एवढंच.

मग चहा. मग कुणीच नको असताना हेरंब बोलला,
फासा मुठीत तसाच:
"काका गेला, बाबा गेला.
आई म्हनते, तिसरा आता दर्या नेनार नाय."
सर्फराज कपाच्या तळाशी बघत राहिला.
उत्तर माझ्याकडे होतं. तासाभरापूर्वीच दिलेलं.
"याला आठवन नसते, ना?" त्यानेच विचारलं.
"नसते."

घरी जाताना कळलं, तेही पुरतं खरं नाही.
काका आणि बाबा म्हणजे दोन फासे नव्हते.
एकच रात्र, एकच वारा,
एकच इंजिन, ज्याचा पंप आधीच कुरकुरत होता.
एक गेला तिथेच दुसऱ्याचं गणित बदललं होतं.
चारात तीन गुणिले चारात तीन
हे दारांना चालतं, राखणदारांना चालतं,
एकमेकांना ओळखत नाहीत अशांना.
एका होडीवरच्या दोन भावांना
कसला गुणाकार लावू?
आणि आईच्या वाक्याला तर
कुठलंच चिन्ह लावायची माझी छाती नाही.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, पहाटे चारला,
रांगेत हेरंब. "वीस लाद्या."
मी लिहिल्या. पान उलटलं तर तिथे
त्याचा बुटका अजून दरीच्या काठावर,
कमरेला दोर.
बर्फ फोडायचा आवाज सुरू झाला.
दिव्याखालून तो गेला तेव्हा पाहिलं:
नारिंगी जॅकेट, जे त्याच्या होडीवर
इतकी वर्षं उशी म्हणून वापरलं,
अंगात होतं. बंदसुद्धा बांधलेले.
काही म्हणालो नाही.
पैसे मोजताना त्याने खिशातून चुकून काढला
आणि लगेच परत ठेवला
तो पहिला फासा,
सतरावाला.